दहावी आहे म्हणून ग्राउंड सोडू नकोस

अगं पोरी,

काल खो-खोची प्रॅक्टिस संपल्यावर शूजची लेस सोडता सोडता तू हळूच म्हणालीस, ताई, जूनपासून नाही येणार, दहावी आहे, बाबा नको म्हणतायत. आजूबाजूला सगळ्या होत्या म्हणून मी नुसतं "बरं" म्हणाले, पण रात्री झोप लागेना म्हणून हे लिहितेय, लांबेल जरा, पण पूर्ण वाच.

आधी माझं सांगते. मीपण नववीपर्यंत खो-खो खेळले, पेठेतल्या एका शाळेत. ग्राउंड होतं चांगलं, पण संध्याकाळी ते मुलांच्या क्रिकेटला, आम्हाला कडेची पट्टी, तिथेच खुंट रोवायचे आणि पाट्या आखायच्या. दहावीत घरच्यांनी बंद केलं, म्हटलं एका वर्षाचा तर प्रश्न आहे. मार्क बरे पडले, पण अकरावीत परत गेले तर दीड मिनिट पळती करणारी, म्हणजे बाद न होता पळत राहणारी मी वीस सेकंदात बाद, आणि ज्या थांबल्या नव्हत्या त्या स्टेटपर्यंत पोचल्या होत्या. त्याचं दुःख गेलं कधीच. खरं नुकसान वेगळं झालं. पाच ते सात हा वेळ माझा होता, त्या वेळात मी कुठंय हे घरात कुणी विचारायचं नाही कारण सगळ्यांना माहीत होतं, ती ग्राउंडवर आहे. एकदा सोडल्यावर तो वेळ घरानं घेतला, भाजी निवड, पाहुणे आलेत चहा टाक, भावाच्या क्लासची वेळ झाली सोडून ये, आणि मग कॉलेज, नोकरी, लग्न, पोरं, तो मला परत मिळाला थेट चाळिशीत, तोही भांडून. आमच्या बॅचच्या बहुतेक जणींना तर मिळालाच नाही. मुलग्यानं खेळ सोडला तरी संध्याकाळ त्याची त्याच्याकडेच राहते, कट्ट्यावर जातो. आपलं तसं नसतं गं. म्हणून म्हणते, प्रॅक्टिस कमी कर, पण ते दोन तास कुणाला देऊन टाकू नकोस.

मेडलसाठी सांगत नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, मी टीव्हीसमोर बसून रडले. ज्या खेळाचे नियम शंभर वर्षांपूर्वी आपल्या पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बसून लिहिले गेले, त्याचा वर्ल्ड कप! पण टीममध्ये मोजक्या पोरी असतात, आणि तू तिथं पोचशील की नाही हे मला माहीत नाही, तुलाही नाही. ठरावीक लेव्हलपर्यंत खेळलं तर दहावीला क्रीडा सवलतीचे मार्क मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे बाबांना जरूर सांग, पण फक्त त्यासाठी खेळायला लागलीस तर एका हरलेल्या मॅचनंतर सोडशील.

मला तुझ्यात काय बदललंय ते सांगू का? तू आलीस तेव्हा खो मिळायच्या आधीच उठायचीस, फाऊल, आणि मग पुढचा अख्खा डाव मान खाली. आता फाऊल झाला की पुढच्या खोला तयार बसलेली असतेस. घरात, वर्गात पोरीची चूक लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, इथं ती पुढच्या डावात संपते, आणि हे शिकवायला दुसरी कुठलीच जागा मला तरी दिसत नाही.

आता शरीराचं, कारण हे तुला कुणी बोलणार नाही. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला. तुला दुपारनंतर दम लागतो ना, मग एकदा हिमोग्लोबिन तपासून घे, आळशीपणा समजू नकोस. हाडांची बहुतेक साठवण अठरापर्यंत होते, उड्या आणि पळापळीनं ती वाढते, नंतर म्हातारपणी तेच कामाला येतं. पाळीत खेळायचं का, तर बरं वाटत असेल तर खुशाल खेळ, नसेल तर सांगून बस, लाजू नकोस. पण ट्रेनिंग चालू असताना तीन महिने पाळीच आली नाही तर ते फिटनेसचं लक्षण नाही, बरेचदा खाणं कमी पडतंय, डॉक्टरकडे जायचं. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घे, आईला मी बोलते, नुसत्या तेवढ्यासाठी पळायचं सोडलेल्या पोरी मी पाहिल्यात. खुंटावर वळताना गुडघा आत जाऊ देऊ नकोस, मुलींचं गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, मुलांपेक्षा जास्त तुटतं, म्हणून तर मी रोज त्या स्क्वॉट करायला लावते.

अभ्यासाचं बघू. आठवड्यात सहा दिवसांऐवजी तीन, डिसेंबरपर्यंत. प्रीलिमपासून बोर्ड संपेपर्यंत फक्त अर्धा तास पळणं, तेही घराजवळ. क्लासची वेळ आड येत असेल तर मला सांग, सकाळची बॅच करू, दोघी-तिघींची तीच अडचण आहे.

बाबांशी भांडू नकोस. ते वाईट नाहीत, घाबरलेत. रविवारी सकाळी साडेसहाला त्यांना तळजाईला घेऊन ये, मी असतेच टेकडीवर, चालता चालता बोलू. फक्त एक गोष्ट तू स्वतः सांग त्यांना, मी नाही सांगणार: गेल्या जूनमध्ये तुझी पळती चाळीस सेकंदांची होती आणि परवा एक मिनिट पन्नास झाली.

तुझी,
ताई