पाव किलो पाव

प्रश्न : ताई, नमस्कार. रविवारी आमच्याकडे मिसळ होती आणि तिच्यावरून घरात महाभारत झालं. मुलगा चौथीत आहे, गणितात सध्या पाव, अर्धा, पाऊण चालू आहे, तर तो म्हणाला पाव म्हणजे चौथा भाग ना, मग आपण खातोय हा पाव कशाचा चौथा भाग? ह्यांचं म्हणणं लादी तोडून चार तुकडे करतात म्हणून पाव. सासूबाई म्हणाल्या, अरे पूर्वी बेकरीत पीठ पायाने तुडवायचे म्हणून पाव, आमच्या माहेरी तर तो घरात यायचासुद्धा नाही. आता तुम्हीच निकाल द्या. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : निकाल असा की दोघंही हरले, पण सासूबाई जरा जास्त मजेशीर हरल्यात.

खायचा पाव हा पोर्तुगीज शब्द आहे. तिकडे ब्रेडला जे म्हणतात ते आपल्या कानाला साधारण 'पाऊँ' असं ऐकू येतं, शेवट नाकातून. त्याच्या मागे लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी-ब्रेड जे काय असेल ते. स्पॅनिशमध्ये तो 'पान' झाला, इटालियनमध्ये 'पाने', आणि पोर्तुगीजांनी मधला न गिळला पण पूर्ण नाही गिळला, थोडा नाकात ठेवला. गोवा १५१० ला त्यांनी घेतला तो १९६१ पर्यंत, आणि इकडे वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेईपर्यंत त्यांच्याकडे, म्हणजे शब्दाला आपल्याकडे यायला टाइम भरपूर होता.

गोव्यात तर सगळं खानदानच आलं. पाव भाजणारा तो पोदेर, हाही पोर्तुगीज 'पादेरू'वरून. पहाटे सायकलच्या मागे टोपलं आणि रबरी भोंग्याचा पों पों आवाज, तो ऐकला की घराघरातून पिशव्या घेऊन माणसं बाहेर. त्याच्या टोपल्यात उंडे असतात, कोंड्याची पोयी असते, काट्रे पाव असतात, आणि ह्यातलं काहीही लादीतून तोडलेलं नसतं बरं का. एकेक सुटा! त्यामुळे 'चार तुकडे म्हणून पाव' ही थिअरी गोव्यातच पंक्चर होते. लादीचं कसंय, गोळे ट्रेमध्ये जवळ जवळ ठेवले की फुगून एकमेकांना चिकटतात, म्हणून आपल्या पावाचं डोकं तेवढं तपकिरी आणि कुशी पांढऱ्या मऊ. ते सहा असोत नाहीतर आठ, प्रत्येक जण पावच.

आता सासूबाईंचं. पीठ पायाने तुडवायचे ही गोष्ट उत्तरेतही सांगतात, कारण हिंदीत पायाला पाँव म्हणतात आणि ब्रेडला पावरोटी, मग जोडायला कितीसा वेळ. पण मराठीत पायाला पायच म्हणतात, तसं असतं तर आज आपण वडापाय खाल्ला असता. आणि मूळ शब्द नाकातला होता ह्याचा पुरावा तुम्हाला मुंबईतच मिळेल, एखाद्या जुन्या गुजराती पाटीवर 'पाऊंभाजी' असं अनुस्वारासकट लिहिलेलं असतं. आपण अनुस्वार सोडला, त्यांनी धरून ठेवला. बंगाल्यांनी 'पाउ'च्या पुढे आपली रोटी जोडून 'पाउरुटी' केलं, म्हणजे रोटी-रोटी झालं ते, पण चालतंय.

माहेरी पाव का नव्हता, ते मात्र त्या खरंच सांगतायत. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं अशा कथा वसईकडे आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. शिवाय तेव्हा यीस्ट कुठलं, गोव्यात पीठ फुगवायला माडाची सुर घालायचे, म्हणजे बाटणं अधिक दारू! जुन्या घरांत तो उंबऱ्याच्या आत येणं अवघडच होतं.

पण गंमत अजून पुढे आहे. मुलाच्या गणितातला पाव हा मात्र खरोखर पायावरूनच आलाय! संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चार चरण तेही पादच. ह्या पादातूनच आपला पाय आला आणि पावही आला, सख्खे भाऊ. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', एक पाद कमी. सव्वा म्हणजे 'सपाद', एका पादासकट. पावली म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयातले चार आणे, नंतर पंचवीस पैशांचं नाणं, तेही ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम, म्हणून पावशेर म्हणजे २३३ च्या आसपास, आणि वजनं बदलली तरी आपण भाजीवाल्याकडे अजून पावशेरच मागतो आणि तो गुपचूप २५० देतो. तर सासूबाईंना सांगा, पाय बरोबर धरलात, फक्त पाव चुकीचा धरलात.

प्रश्न : मी कामानिमित्त जपानमध्ये नागोयाला असतो. इथे ब्रेडला 'पान' म्हणतात. पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकाने पान खाणार का विचारलं तर मी म्हटलं वा, इथे विड्याचं पान! आणि त्याने हातात बन दिला. हा आपल्या पावाचा कोणी लागतो का? आणि इथे 'बाओ' पण मिळतो, तो? – एक वाचक, नागोया

उत्तर : लागतो म्हणजे काय, तोच आहे! पोर्तुगीज १५४३ ला तानेगाशिमा बेटावर उतरले, ब्रेड नावासकट घेऊन आले. १६३९ ला जपानने त्यांना हाकललं, पुढे दोनशे वर्षं युरोपातले फक्त डच येऊन-जाऊन होते, त्यांचा ब्रेडसाठी स्वतःचा वेगळा शब्द होता, तरी जपान्यांनी 'पान' सोडला नाही. त्यांच्याकडून तो कोरियात गेला, तिथे 'प्पांग' झाला. श्रीलंकेत मात्र पोर्तुगीज थेट गेले होते, तिथल्या सिंहलीतही ब्रेड 'पान'च आहे.

मला ह्यात सगळ्यात आवडतं ते हे की एकच माणूस एकच शब्द बोलला आणि दोन बंदरांत दोन वेगळे शब्द ऐकले गेले. 'पाऊँ'चा शेवट ओठांचा पण आहे आणि नाकाचा पण. आपल्या लोकांनी ओठ धरले, व झाला. जपान्यांनी नाक धरलं, न झाला. चुकलं कोणीच नाही.

आता तिथे आहातच तर अनपान खाऊन बघा, आत लाल चवळीसारख्या बारीक दाण्यांचं गोड पुरण असतं, अगदी पुरणपोळीच्या माणसाला पटेल असं. टोकियोच्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये ते काढलं, आणि त्यांच्याकडेही यीस्टची पंचाईत, मग त्यांनी पीठ फुगवायला साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, विरजण वापरलं. गोव्यात सुर, टोकियोत साके. गव्हाचा पाव जिथे परका तिथे बेकरीवाल्याला आधी गुत्त्याची वाट धरावी लागते असं दिसतंय.

बाओचा काही संबंध नाही. तो चिनी शब्द, अर्थ गुंडाळणं, गाठोडं. आवाज जुळला एवढंच.

प्रश्न : 'देवा मला पाव' मधला पाव कुठला? आणि आमच्या कोल्हापुरात 'काय पावनं' म्हणतात तो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही वेगळे आणि दोन्ही वरच्या दोघांपेक्षाही वेगळे, म्हणजे एकूण चार झाले. देवाचा पाव हा 'पावणे', संस्कृत 'प्राप्' म्हणजे मिळणे, पोचणे ह्यातून. नवसाला पावणारा गणपती तोच, आणि दुकानदार देतो ती पावती पण तीच, पैसे पावले ह्याचा कागद. जुन्या पत्रांत 'आपले पत्र पावले' लिहायचे. 'मरण पावला' हे लहानपणी मला फार विचित्र वाटायचं, देव पावतो तसं मरण कसं पावेल, पण इथे उलटं आहे, माणूस मरणाला पोचला एवढाच अर्थ.

पावनं म्हणजे पाहुणा, तो 'प्राघुण' वरून, प्राकृतात 'पाहुण'. बाहेरून आलेला माणूस. त्याचा पोचण्याशी काही संबंध नाही, जरी तो नेमका जेवणाच्या वेळी पोचत असला तरी.

प्रश्न : वडापावमध्ये मराठी काय आहे हो मग? नातवाने विचारलं आणि मी गप्प. – एक वाचक, नाशिक

उत्तर : गप्प कशाला, वडा आहे की. संस्कृत 'वटक', अगदी घरचा. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला, तिथे मुळात तो रताळ्याचं नाव होता. मिरचीचं झाड अमेरिकेचं, तेही पोर्तुगीजांनीच आणलं, पण नाव मात्र आपण आपल्याकडच्या मिऱ्याचं, 'मरिच'चं, त्याला चिकटवलं. पाव वर झालाच. आणि नातू इंग्लिश मिडियमचा असेल तर त्याला हेही सांगा की कंपनी ह्या शब्दातही तोच लॅटिन 'पानिस' लपलाय, कंपनी म्हणजे मुळात एकत्र बसून पाव खाणारे, आपल्या भाषेत एका पंक्तीतले. ट्रेनची पँट्री कार पण तिकडचीच, पाव ठेवायची खोली. कंपनी सरकार आपल्या पंक्तीला कधी बसलं नाही ते सोडा.

प्रश्न : आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायचो. बाकीचं कळतं, औट म्हणजे काय? वय ७९. – एक वाचक, सातारा

उत्तर : औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धाच. अडीच पण तसाच, 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. पाढे गेले पण 'औट घटकेचा राजा' राहिला. घटका २४ मिनिटांची, तेव्हा त्याचं राज्य एकूण ८४ मिनिटं, म्हणजे इंटरव्हलच्या थोडं पुढे.