गगनबावड्याच्या चिखलात रुतलेली जीप ओढायला हलका पण दणकट दोर कुठला घ्यावा?

भावा, डायनिमा घे, म्हणजे दणकट प्लास्टिक धाग्याचा दोर. 10 मिमीचा चांगला दोर साधारण 8 टनांपर्यंत टिकतो, वजनाला स्टीलच्या वायरपेक्षा कितीतरी हलका आणि पाण्यावर तरंगतो, त्यामुळं ओढ्यात पडला तरी सापडतो. पण हा ताणत नाही, म्हणून झटका देऊन ओढायचं असेल तर नायलॉनचाच पाहिजे, तो ताणतो आणि झटका पचवतो. डायनिमाला सायलेन्सरपासून लांब ठेव, 150 डिग्रीच्या आसपास वितळतो.

आणि गाठ मारू नकोस रे, गाठीनं ताकद निम्म्यावर येते, टोकाला विणलेला फासाच बघून घे. ओढताना दोरावर ओलं पोतं टाक, पोरांना लांब उभं कर. दोर तुटला तर जीवावर बेततं.