अडीच महिने पुण्यात, गाडी कॅल्गरीच्या थंडीत: बॅटरीचं काय करायचं

तुमचा प्रश्न असा ना, की डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळे पुण्याला, गाडी कॅनडात, कॅल्गरीत मागच्या गल्लीतल्या सुट्या गॅरेजमध्ये, तिथे हीटिंग नाही, आणि एक मित्र दर आठवड्याला येऊन दहा मिनिटं गाडी चालू ठेवून जाईन म्हणतोय, तर तेवढं पुरेल का. माझं मत विचाराल तर नाही पुरणार, आणि मित्राला तो त्रास देऊही नका. एकतर छोटा बॅटरी मेंटेनर (प्लगला लावून बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) घ्या, नाहीतर बॅटरी काढून घरात आणून ठेवा. मी इथे बरेच हिवाळे काढलेत आणि आमची दुसरी गाडी दर थंडीत उभीच असते म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर पुण्यातला सल्ला इथे लागू पडत नाही.

आधी साधा हिशोब बघा. गाडी लॉक करून ठेवली तरी ती पूर्ण झोपत नाही, अलार्म, चावीचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं थोडा थोडा करंट खात राहतं. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हे साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतं. ३० धरा, म्हणजे दिवसाला ०.७ अँपिअर-अवर, आणि तुम्ही जवळजवळ ८० दिवस नाही, म्हणजे ५७-५८ गेले. तुमच्या गाडीची बॅटरी ६० अँपिअर-अवरच्या आसपास असेल तर संपलाच की विषय. वर कोणी डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवला असेल किंवा ओबीडी पोर्टला (स्टिअरिंगखालचं तपासणीचं सॉकेट) इन्शुरन्सवाला डोंगल लावला असेल तर त्याच्याही आधी. हे दोन्ही जाण्यापूर्वी काढून टाका, नक्की.

आता पुण्यात बॅटरी उतरली तर काय होतं, शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप मारायची आणि पुढे जायचं. इथे तसं नाही. बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी असतं, चार्ज असताना ॲसिड पाण्यात असतं म्हणून ते गोठत नाही, पूर्ण चार्ज बॅटरी मायनस ५० लासुद्धा गोठणार नाही. पण बॅटरी जसजशी उतरते तसतसं ॲसिड प्लेटांमध्ये जातं आणि मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं. अर्धी उतरलेली बॅटरी मायनस २०-२५ च्या आसपास गोठते आणि पूर्ण उतरलेली मायनस ७ ते १० लाच. जानेवारीत इथे मायनस ३० चा आठवडा येतो हे तुम्हाला माहीत आहेच. गोठली की बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, केस तडकते, आणि ती बॅटरी गेली. म्हणजे इथे प्रश्न गाडी चालू होईल का एवढाच नाहीये, बॅटरी जिवंत राहील का हा आहे.

आणि समजा नाही गोठली तरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहणं हेच तिला मारतं. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट बसतं, ते ताजं असताना पिठीसाखरेसारखं बारीक असतं, चार्जिंग केलं की परत विरघळतं, पण तसंच ठेवलं तर त्याची खडीसाखर होते आणि मग कितीही चार्ज करा ते पूर्ण जात नाही. नंतर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो आणि सेल्फ मारला की टकटक. म्हणून एकच गोष्ट धरून ठेवा, बॅटरी भरलेली ठेवायची आणि भरलेलीच राहील असं बघायचं. थंडीचा तिला त्रास नाही उलट थंडीत आपोआप होणारा डिस्चार्ज कमी असतो, त्रास आहे तो थंडी आणि रिकामं पोट दोन्ही एकदम असण्याचा.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. आपल्याकडे हे फार खोलवर बसलंय, घरचे फोनवर सांगतातच, कोणालातरी अधूनमधून स्टार्ट मारायला सांग. पुण्यात तीस डिग्रीत त्याने फारसं बिघडत नाही. पण मायनस २० ला स्टार्टर घट्ट झालेल्या तेलातून इंजिन ओढतो, मग मित्र बिचारा थंडी वाजते म्हणून हीटरचा पंखा, सीट हीटर, मागच्या काचेचा डिफ्रॉस्टर सगळं लावतो, इंजिन आयडलवर म्हणजे अल्टरनेटरचं आउटपुट कमी, आणि गारठलेली बॅटरी चार्ज घेतही नाही नीट. आठवड्याभरात जे पाच एक अँपिअर-अवर गेले ते दहा मिनिटांत परत येत नाहीत, हळूहळू घसरतच जातं.

इंजिनचं नुकसान वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले तर ती वाफ बाहेर जाते, नाहीतर तिथेच थंड होऊन पाणी साचतं, थोडं तेलातही उतरतं, थंड इंजिनमध्ये पेट्रोल जास्त जातं म्हणून तेही तेलात मिसळतं. दर आठवड्याला हेच. शिवाय गॅरेजचं दार बंद ठेवून कोणी इंजिन चालू केलं तर कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, कळतही नाही. गाडी चालू करायचीच तर बाहेर काढून हायवेवर अर्धा तास फिरवून आणायची, नाहीतर हातच लावायचा नाही. मधलं काही करू नका.

मग करायचं काय. गॅरेजमध्ये प्लग असेल तर मेंटेनर सगळ्यात सोपा. साधा जुना ट्रिकल चार्जर नको, तो थांबत नाही, बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहतो आणि आतलं पाणी उडवतो. स्मार्ट मेंटेनर घ्या जो १४.४ च्या आसपास नेऊन भरतो आणि मग १३.२ ते १३.६ व्होल्टवर नुसता धरून ठेवतो. खोक्यावर तीन गोष्टी वाचा: किती थंडीपर्यंत चालतो, एजीएम (काचेच्या चटईत ॲसिड शोषून ठेवणारी बॅटरी) साठी मोड आहे का, आणि वीज जाऊन आली की आपोआप परत चालू होतो का. ही शेवटची फार महत्त्वाची, कारण तुम्ही नसताना वीज गेली आणि मेंटेनर बटण दाबायची वाट बघत बसला तर काय उपयोग. स्टार्ट-स्टॉप वाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल तर बॅटरी बहुतेक एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचाच दणकट प्रकार) असणार, वरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. अशा गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो म्हणून काळी क्लिप थेट टर्मिनलला न लावता बॉडीच्या ग्राउंड पॉइंटला लावायची, जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर वापरायच्या प्रकारची, थंडीत न कडकणारी घ्या.

मित्राला दोन आठवड्यांतून एकदा नुसतं डोकावायला सांगा. मेंटेनरचा हिरवा दिवा चालू आहे ना, प्लगचा सेफ्टी स्विच ट्रिप झालेला नाही ना, बस.

काही जण म्हणतील ब्लॉक हीटर लावून ठेवा. ब्लॉक हीटर इंजिन गरम ठेवतो, बॅटरीला त्याने काहीही मिळत नाही, दोन महिने उगाच वीज जाळू नका. परत आल्यावर पहिल्यांदा चालू करायच्या आधी तीन-चार तास लावा, तिथे त्याचा खरा उपयोग.

प्लग नसेल तर बॅटरी काढा. दहाचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. आधी काळी केबल काढायची मग लाल, लावताना उलटं, आधी लाल आणि शेवटी काळी. कारण काळी जोडलेली असताना लाल खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून कोरडं करा. घरात बेसमेंटमध्ये हवेशीर जागी ठेवा, फर्नेस किंवा गॅस हीटरच्या जवळ नको, आणि जायच्या आधी पूर्ण चार्ज करा. पूर्ण चार्ज, सुटी बॅटरी अडीच महिने आरामात राहते. काँक्रीटच्या फरशीवर ठेवली की उतरते हे जुन्या रबरी केसच्या काळातलं आहे, आताच्या प्लास्टिक केसला काही होत नाही, ठेवा बिनधास्त. नुसती काळी केबल काढून बॅटरी गाडीतच ठेवली तरी चालतं, भरलेली असेल आणि तब्येतीने चांगली असेल तर. पण एक बघा, बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त बटणाने उघडत असेल तर केबल काढून डिकी बंद केली की आत कसं जाणार, ते आधी ठरवा.

जाण्यापूर्वी बॅटरी टेस्ट करून घ्या हेही सांगतो. पाच-सहा वर्षं झाली असतील आणि टेस्टमध्ये कोल्ड क्रँकिंगचा (थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा) आकडा लेबलपेक्षा बराच खाली आला असेल तर मेंटेनर लावून तिला तरुण करता येणार नाही, परत आल्यावर नवीन घ्यायची तयारी ठेवा.

बाकीचं पटापट. गाडी खालून धुवून घ्या, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ लागलेलं असतं. टाकी भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाका आणि मग थोडी चालवा म्हणजे तो पुढपर्यंत जातो. कूलंट टेस्ट करा, निम्मं-निम्मं मिश्रण मायनस ३७ पर्यंत चालतं. काच धुवायचं पाणी उन्हाळ्याचं असेल तर बदला, फुटतो तो टँक. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो, गाडी पार्कमध्ये आणि चाकांना लाकडी ठोकळे. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, चिनूक (डोंगरावरून येणारा गरम वारा) आला की काही तासांत मायनस वीसचं प्लस दहा होतं आणि गार लोखंडावर सगळीकडे दव धरतं, ते आत कोंडलं की गंज. उंदरांसाठी एअर इनटेकच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल, आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा की हे काढायचंय.

इन्शुरन्समध्ये कोलिजन (धडकेचं कव्हर) वगैरे काढून नुसतं कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरेचं कव्हर) ठेवता येतं, पैसे वाचतात, लोन असेल तर आधी बँकेला विचारा. पण मग ती गाडी रस्त्यावर आणायची नाही, मित्राने कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. आणि गॅरेज ऐवजी गाडी रस्त्यावर सोडायचा विचार असेल तर सोडून द्या, इथे सलग ७२ तासांपेक्षा जास्त रस्त्यावर ठेवता येत नाही, स्नो रूटवर (बर्फ आधी काढतात ते मुख्य रस्ते) पार्किंगबंदी लागली तर आणखीच.

परत आल्यावर आधी मीटर लावा. १२.६ असेल तर छान, १२.४ असेल तरी आधी चार्ज करून मग चालू करा. १२ च्या खाली असेल आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तर ती गोठलेली असू शकते, केस फुगलेली किंवा तडकलेली दिसते का बघा. गोठलेल्या बॅटरीला जंप किंवा चार्जर अजिबात लावू नका, फुटू शकते. घरात आणून पूर्ण वितळू द्या, केस धड असेल तरच चार्ज करून बघा, नाहीतर दुकानात देऊन टाका, जुनी बॅटरी ते घेतात. सगळं ठीक असेल तर स्टोनी ट्रेलवर, म्हणजे इथल्या रिंग रोडवर, अर्धा-पाऊण तास नीट चालवून आणा, ब्रेक पहिल्यांदा खरखरतील, डिस्कवरचा गंज निघाला की थांबतं.

तुमची गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर मात्र थोडं वेगळं आहे, तिच्यातही १२ व्होल्टची बॅटरी असतेच आणि बऱ्याचदा तीच आधी दगा देते. गाडी कुठली, बॅटरी बॉनेटखाली आहे का डिकीत, आणि गॅरेजमध्ये प्लग आहे का, एवढं लिहा, मग कुठल्या अँपिअरचा मेंटेनर पुरेल ते सांगतो.