अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज व्हॉलीबॉलची दर आठवड्याची टॉप-२५ यादी कितपत मनावर घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की नेब्रास्कात लिंकनला शिकायला आल्यापासूनचा हा तुमचा पहिलाच मोसम आहे, दर आठवड्याला ही यादी, म्हणजे कोचेस पोल, आली की डॉर्ममध्ये पोरंपोरी हमरीतुमरीवर येतात, आणि ही यादी मनावर घ्यायची की सोडून द्यायची हे तुम्हाला कळत नाही. मनावर घ्या. फक्त ती काय सांगते तेवढंच घ्या. निम्मी भांडणं तिनं न सांगितलेल्या गोष्टींवरूनच होतात.

मी पिट्सबर्गला राहतो. मुलगी क्लब व्हॉलीबॉल खेळते, मी स्वतः गावाकडे कॉलेजच्या टीममध्ये लिफ्टर होतो. पिट, म्हणजे इथल्या पिट्सबर्ग विद्यापीठाची टीम, आमच्या घरचीच. आणि माझे मोठे साडू राहतात ओमाहाला, पक्के नेब्रास्कावाले. ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनचं फुटबॉलचं मेमोरियल स्टेडियम व्हॉलीबॉलसाठी भरलं, ९२,००३ प्रेक्षक. त्यात हे सहकुटुंब होते. तेव्हापासून तो आकडा न काढता त्यांनी फोन ठेवलेला मला आठवत नाही. आकडा आहेच तसा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे.

२०२४ चा मोसम. बाद फेरी सुरू होईपर्यंत पिट एकदाच हरली होती, डॅलसला, तिथल्या एसएमयू विद्यापीठाकडून. ६४ टीमच्या ड्रॉमध्ये एकूण पहिलं मानांकन पिटला मिळालं. कॉलेजं गटागटांत (कॉन्फरन्स) खेळतात, पिट एसीसीत, नेब्रास्का बिग टेनमध्ये. साडूंचं तेव्हा एकच पालुपद होतं: एसीसीत तुमच्यासमोर आहे कोण? बिग टेनमध्ये खेळून दाखवा. मी म्हणायचो, लुईव्हिल आहे, पॅक-१२ हा गट मोडल्यावर स्टॅनफर्डही इकडेच आलंय, अजून कोण पाहिजे तुम्हाला? त्यावर ते म्हणायचे, "अरे, कागदावरचा नंबर एक आहे तो. डिसेंबरात बघू."

डिसेंबरात फायनल फोर, म्हणजे सेमीफायनल आणि फायनल, लुईव्हिललाच होतं. दोन्ही घरं गेलो, आम्ही गाडीनं. थोरल्या मेहुणीनं ओमाहाहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. सकाळी हॉटेलच्या टेबलावर दशमीचा तुकडा हातात तसाच धरून साडू मला पोलमधली पहिल्या क्रमांकाची मतं मोजून दाखवत होते. कुठल्या कोचनं कुणाला का मत दिलं असेल, याचा त्यांचा पाढा पाठ. मुलं कंटाळून उठून गेली, आम्ही दोघं तिथंच.

संध्याकाळी केएफसी यम सेंटरमध्ये चहूकडे लाल रंग. म्हणायला तटस्थ कोर्ट, पण लुईव्हिलच्या पोरी स्वतःच्या गावात खेळत होत्या. पहिला सेट पिटनं घेतला, २५-२१. दुसरा २३-२५ नं गेला. तिसरा ताणत ताणत २७-२९ नं गेला. असा सेट लांबला की मी बॉलकडे बघत नाही, सेटरच्या, म्हणजे लिफ्टरच्या, पायांकडे बघतो, जुनी सवय. पास नेटला चिकटून आला तर ती तिन्हीकडे, मधल्या आणि दोन्ही कडेच्या मारणाऱ्यांना, बॉल देऊ शकते. पास दोन पावलं मागं पडला की मधली गेली, उरली कडेची, आणि पिटची कडेची म्हणजे ऑलिव्हिया बॅबकॉक हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक. तरी ती मारत होती, ब्लॉकच्या बोटांवरून बाहेर, पुन्हा पुन्हा. चौथा सेट १७-२५. संपलं.

साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता सांग, कोण होतं नंबर एक?" मोसमभराचं काम त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं. ते वाक्य मला अजून सलतं. त्याच रात्री नेब्रास्का पेन स्टेटविरुद्ध दोन सेटनं पुढे होती, चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट हातात होता, आणि तीही हरली. मी एक शब्द बोललो नाही. पुढे फायनल पेन स्टेटनं जिंकली. त्यांच्या कोच केटी शूमाकर-कॉली मोसमभर कॅन्सरचे उपचार घेत बेंचवर उभ्या होत्या, आणि या स्पर्धेचं डिव्हिजन वनचं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला कोच ठरल्या. तो सामना आमच्या भांडणापेक्षा फार मोठा होता.

मग आलं २०२५. कोच जॉन कुक निवृत्त झाल्यावर डॅनी बुसबूम केलीनं नेब्रास्का हाती घेतली आणि टीम ३३-० अशी गेली. आणि रीजनल फायनलला (ड्रॉचे चार भाग म्हणजे रीजन, प्रत्येकात मानांकनं वेगळी, विजेता फायनल फोरला), लिंकनमध्ये, आपल्याच प्रेक्षकांसमोर, तिसऱ्या मानांकनाच्या टेक्सस ए अँड एमकडून पाच सेटमध्ये हरली. ए अँड एमनं पुढे पिटला हरवलं, केंटकीला हरवलं आणि करंडक नेला. साडूंचा फोन आला. म्हणाले, "एका रात्रीवरून काय ठरतं? मोसमभर हीच सगळ्यात चांगली टीम होती."

अगदी बरोबर. वर्षभर मी दुसरं काय सांगत होतो? नेब्रास्काला जो न्याय, तोच पिटला. २०२४ ला करंडक हा पुरावा आणि २०२५ ला मोसम हा पुरावा, हे दोन्ही एका तोंडानं चालत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पोल म्हणजे साठेक कोचांची मतं: पहिल्याला २५ गुण, पंचविसाव्याला एक. या आठवड्यापर्यंत कुणी काय केलं, याबद्दलचं त्यांचं मत. ते भविष्य नाही. माझं स्पष्ट मत असं की हे कोच शनिवार-रविवारी स्वतःचे सामने खेळत असतात, दुसऱ्यांचे पूर्ण सामने बघायला त्यांना सवड नसते. म्हणून हरली की खाली, जिंकली की वर, एवढ्यावर यादी हलते. परमुलखात बलाढ्य टीमशी पाच सेट झुंजून हरलेली टीम चार पायऱ्या घसरते आणि घरी बसून दुबळ्यांना तीन-तीन सेटमध्ये झोडणारी आपसूक वर सरकते. हे चूक आहे आणि दरवर्षी होतं. नावाचा जोरही चालतोच. मोठ्या नावाची टीम दोन सामने हरली तरी विसाव्या नंबरावर टिकते, लहान कॉलेजला तिथं पोचायला अख्खा सप्टेंबर जिंकावा लागतो.

दुसरं म्हणजे ड्रॉ या यादीवरून काढत नाहीत. तो समिती काढते आणि तिथं आरपीआय नावाच्या आकड्याला वजन असतं: २५ टक्के तुमचे निकाल, ५० टक्के तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांचे, २५ टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे. म्हणून तळाच्या टीमला धुऊनही आरपीआय खाली येऊ शकतो. भांडायचंच असेल तर पहिल्या नंबरावरून भांडू नका, सोळाव्यावरून भांडा. पहिल्या सोळा मानांकितांना पहिल्या दोन फेऱ्या घरच्या कोर्टवर मिळतात, सतराव्याला बॅगा भराव्या लागतात. मी रविवारी रात्री वहीत स्वतःची यादी करतो तेव्हा सगळ्यात जास्त खाडाखोड बारा ते वीसमध्ये असते. वहीत प्रत्येक पराभवापुढे कुणाकडून, कुठे आणि किती सेटमध्ये एवढंच लिहितो. तुम्हीही करून बघा, ऑक्टोबरपर्यंत डॉर्ममधल्या कुणालाही पुरून उराल.

पोल डिसेंबरचा विजेता सांगतो का? २०२३ ला टेक्सस चार सामने हरून आली होती, रीजनमध्ये दुसरं मानांकन होतं, आणि फायनलला तिनं अव्वल मानांकित नेब्रास्काला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. उलट २०२४ ला चारही रीजनची पहिली मानांकनं फायनल फोरला पोचली. काढा काय काढायचा तो निष्कर्ष.

पोलला मी एवढा झोडला, तरी सप्टेंबरात तोच कामाचा. तेव्हा सामने इतके थोडे झालेले असतात की आरपीआयचे आकडे वेडेवाकडे येतात, आणि कोचांची नजर त्याहून बरी. शिवाय मी पिटवाला आहे, २०२१ ते २०२५ सलग पाच वर्षं सेमीफायनलला हरलेल्या टीमचा, तेव्हा माझ्या मतातून तेवढं वजा करून वाचा.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. फायनलनंतर शेवटचा पोल येतो आणि विजेत्याला पहिल्या नंबरावर बसवतो. विजेत्याला करंडक मिळालेलाच असतो, तो कुणी काढून घेत नाही. मग क्रमवारी तरी मोसमाची राहू द्या. आमचे साडू हे वाचणार आहेत, मेहुणी त्यांना पाठवेलच. त्यांनी दोन्ही वर्षांना एकच न्याय लावावा आणि कुठला ते मला फोन करून सांगावं.