'बिचारा' छापाचं नको असेल तर 'तोत्तोचान' वाचून दाखवा

लेकीच्या वर्गात पायाला आधाराचा कॅलिपर लावून चालणारा मुलगा आलाय, तिला वाचून दाखवायला गोष्ट हवी आहे, पण उपदेश नको, असं तुम्ही विचारलंय. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' घ्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलाय.

आपल्याकडे हे पुस्तक गाजलं ते रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेमुळे. शिक्षक मंडळी त्यावर भरभरून बोलतात. मला मात्र त्यातला ताकाहाशी जास्त आठवतो. त्याची उंची खुंटलेली, हातपाय आखूड. क्रीडादिनाला मुख्याध्यापक कोबायाशी असे खेळ ठेवतात, की लांब टांगांच्या पोरांची पंचाईत व्हावी. भल्यामोठ्या कापडी माशाच्या तोंडातून शिरून शेपटीकडून बाहेर पडायचं. सभागृहाच्या बुटक्या पायऱ्या एकही न गाळता धावत चढायच्या. ताकाहाशी सगळ्यांत पहिला! बक्षीस काय, तर मुळा. हे कुणासाठी चाललंय, याचा मुलांसमोर अवाक्षरानेही उच्चार नाही. कुणी म्हणेल, ही तर ठरवून केलेली जीत. असेना का! नेहमीच्या शर्यतीही कुणाच्या तरी सोयीनेच ठरलेल्या असतात.

एकदा एक बाई वर्गात थट्टेने त्याला विचारतात, तुला शेपूट आहे का? कोबायाशी त्यांना चांगलंच फैलावर घेतात, पण मुलांदेखत नाही, स्वयंपाकघरात.

शाळेतल्याच यासुआकीला पोलिओ झालेला. पुस्तकाची छोटी नायिका तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर यायचं आमंत्रण देते. साधी शिडी डुगडुगते, मग ती घडीची शिडी ओढत आणते. खालून ढकलते, वरून खेचते, दोघं घामाघूम. एकदाचा तो फांदीवर पोचतो आणि अमेरिकेतल्या टेलिव्हिजन नावाच्या पेटीबद्दल सांगू लागतो. त्यात म्हणे घरबसल्या सुमो कुस्ती दिसते. एवढे जाडे पैलवान पेटीत मावतात कसे, हाच हिला प्रश्न! (हीच मुलगी पुढे जपानी टीव्हीवरची नामांकित मुलाखतकार झाली.)

हे सगळं लेखिकेच्या स्वतःच्या बालपणातलं. पुस्तक १९८१ मध्ये आलं, तुफान खपलं, आणि मानधनाच्या पैशातून बाईंनी कर्णबधिर कलाकारांच्या नाटकांसाठी संस्था उभी केली.

एक सांगून ठेवतो. यासुआकी पुढे वारतो. ते प्रकरण आधी स्वतः वाचा आणि लेकीला झोपताना नको, सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचून दाखवा. ती प्रश्न विचारणारच.