‘तात्पुरतं’ म्हणजे किती वर्षं?

प्रश्न : सर, आमचं गाव विट्याजवळ. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. मुलगा २२ वर्षं तमिळनाडूत नागरकोविलला आहे. दुकान, घर, रेशनकार्ड सगळं तिकडेच. नातू तमिळ शाळेत जातो. तिथून तीसेक किलोमीटरवर कुडनकुलमचा अणुवीज प्रकल्प आहे. वापरून झालेलं इंधन ठेवायला प्रकल्पाच्या आवारातच वेगळं तात्पुरतं कोठार बांधायचं म्हणून २०१९ मध्ये जनसुनावणी ठरली होती, मग ती पुढे ढकलली, असं मुलगा सांगतो. आमचे मालक म्हणतात, “जळल्या कोळशाची राख ती, तिला काय भ्यायचं?” सून म्हणते, गावी जाऊ या. या सुनावणीत नेमकं काय बघतात? आमच्यासारख्यांनी काय विचारायचं? आणि पोराला परत बोलावू का?
— एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो. बोलावू नका, निदान या कारणासाठी तरी नको. अपघात झालाच तर काय करायचं याच्या आराखड्यासाठी प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरचा टापू धरतात. नागरकोविल त्याच्या बरंच बाहेर आहे. त्यापेक्षा दुकानात तेजाबाच्या वाफा बाहेर ओढणारा पंखा चालू असतो का, ते आज रात्रीच्या फोनवर विचारा. मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. ॲसिडच्या वाफांनी माणसाच्या छातीचं काय होतं ते जवळून पाहिलंय.

आता मालक म्हणतात त्या राखेचं. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण कोळशाची राख रात्रीत गार होते, ही होत नाही. गुऱ्हाळात काहील चुलवणावरून उतरवली तरी पाक खदखदत राहतो, ते तुम्ही पाहिलं असेल. पण तिथली ऊब चुलवणाची असते. इथे जाळ इंधनाच्या कांडीच्या पोटातच असतो आणि तो विझवता येत नाही, फक्त वर्षांवर्षांनी उतरत जातो. कुडनकुलमच्या एका अणुभट्टीत अशा कांड्यांच्या १६३ जुड्या असतात, एकेक साडेचार मीटर लांब. भट्टी बंद केली त्या क्षणी त्यांच्यातून पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, दिवसभराने सुमारे अर्धा टक्का. किरकोळ वाटतं ना? पण भट्टीची मूळ उष्णता ३,००० मेगावॉट. तिचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. आमच्या भागात एवढ्यावर कारखान्याचा सहवीज प्रकल्प चालतो.

म्हणून ठरावीक काळाने काढलेल्या जुड्या आधी काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी त्यांना गारही ठेवतं आणि किरणंही अडवतं. पुढे ऊब पुरेशी उतरली की पोलाद आणि काँक्रीटच्या जाड पिंपांत कोरडं ठेवता येतं, तिथे वाहती हवा पुरते. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात चौथ्या युनिटच्या टाकीतलं पाणी आटलं की काय, या धास्तीने जगाची झोप उडाली होती (पाणी होतं, हे मागाहून कळलं). त्याच आवारातली नऊ कोरडी पिंपं त्सुनामीच्या पाण्याखाली जाऊनही शाबूत राहिली. त्यामुळे सुनावणीआधी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल हातात आला की आधी हे शोधायचं : टाकी की पिंपं? टाकी असेल तर वीज गेल्यावर पाणी कोण फिरवणार, आणि कशाने?

राख न म्हणण्याचं दुसरं कारण तुमच्याच धंद्यातलं आहे. सोनाराच्या पेढीवरचा केर तुमची माणसं पैसे मोजून घेतात, कारण त्यात सोनं असतं. आपल्या सरकारचं धोरण तसंच आहे. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं, ते काढून पुन्हा वापरायचं, म्हणून हा कचरा नव्हे, माल आहे. धोरण म्हणून मला ते पटतंही. पण सोनं काढल्यावर उरलेल्या तेजाबाच्या पाण्याचं काय करायचं, हे गलाईवाल्याला कुणी विचारलं की तो विषय बदलतो, बरोबर? इथेही तेच होतं.

सुनावणीचं म्हणाल तर मी तिच्या चुकीच्या बाजूला बसलेला माणूस आहे. आमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीचा विस्तार होता. मांडव, पोहे, चहा, पुढच्या रांगेत संचालक, आणि साहेबांच्या मागे फायली सांभाळत मी. सल्लागाराने केलेल्या अहवालात कृष्णाकाठच्या माशांच्या यादीत चक्क बांगडा होता! कोकणातल्या कुठल्यातरी अहवालातून उचललेला. सगळे हसले, साहेबही हसले. मग मागून एक म्हातारा उठला. “स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) तलाव किती दिवसांचा?” तीस दिवसांचा, साहेब म्हणाले. “आणि एकतिसाव्या दिवशी?” माइक या हातातून त्या हातात फिरत राहिला. उत्तर आलं नाही, पण प्रश्न इतिवृत्तात गेला आणि मंजुरीच्या पत्रात साठवणीबद्दल एक जादा अट आली. बांगड्याचं काय झालं ते विचारू नका, तो अंतिम अहवालातही होता.

कुडनकुलमला नियम तोच, पर्यावरण मंजुरीबद्दलच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेचा. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद कार्यालयात बघायला मिळतो, सारांश स्थानिक भाषेत. सगळ्याचं चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवतात. अमुक इतकी माणसं हवीतच, अशी अट मात्र नाही, म्हणजे चार जण आले तरी सुनावणी झालीच! २०१९ ची १० जुलैला राधापुरमला ठरली होती. गावोगावचा विरोध बघून ती बेमुदत पुढे गेली.

मुलाला एक सांगून ठेवा. किरणोत्साराचं विचारलं की “तो विषय अणुऊर्जा नियामक मंडळाचा” असं उत्तर येऊ शकतं. ते खरंही आहे, पण म्हणून खाली बसायचं नाही, प्रश्न नोंदवून घ्यायचा. आणि आजचे आकडे मागायचे : दूध, मासे, विहिरीचं पाणी. नागरकोविलजवळ मणवाळकुरिचीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. तिच्यात मोनाझाइट, त्यात थोरियम. तिथला नैसर्गिक किरणोत्सारच इतर ठिकाणांपेक्षा जास्त. प्रकल्पामुळे बाहेरच्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. पण आधीचं मोजलेलंच नसेल, तर उद्या वाढलेलं वाळूचं की कोठाराचं, यावर नुसते वाद होतील.

मात्र एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर त्या म्हाताऱ्याचाच विचारा. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा वापरलेलं इंधन तिकडेच परत जायचं होतं. नंतर ठरलं की ते आपल्याकडेच राहील. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१३ च्या निकालात प्रकल्पाला हिरवा कंदील दिला, पण इंधनासाठी जमिनीखाली खोलवर कायमचं भांडार लवकरात लवकर उभारायलाही बजावलं. असं भांडार देशात अजून कुठेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना लिहिलं, की हे इंधन रशियाला परत पाठवा, नाहीतर निर्मनुष्य जागी कायमचं ठेवा.

अमेरिकेचंही काही वेगळं नाही. १९८२ च्या कायद्याने सरकारने शब्द दिला होता, की ३१ जानेवारी १९९८ पासून आम्ही इंधन उचलू. अजून उचललेलं नाही. प्रकल्पांच्या आवारात पिंपांच्या रांगा वाढत गेल्या, आणि प्रत्येक वेळी कागदावर शब्द ‘तात्पुरतं’. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने नियामकांना सुनावलं, की कायमचं भांडार कधीच झालं नाही तर काय होईल, याचाही पर्यावरणीय विचार करा. २०१४ मध्ये त्यांना तो करावा लागला, अगदी अनिश्चित काळ इंधन आवारातच राहिलं तर काय, इथपर्यंत.

म्हणजे ‘एकतिसाव्या दिवशी काय?’ हा प्रश्न आडमुठा नाही, कायद्याच्या चौकटीतला आहे. काँक्रीट किती वर्षांचं, पिंपं बदलायची वेळ आली तर कोण बदलणार, पैसे आज कुठे बाजूला काढून ठेवलेत, हे सगळं त्याच्या पोटात येतं. प्रत्यक्ष हजर राहता आलं नाही तर संबंध असलेल्या माणसाला लेखी हरकतही देता येते. मुलाचं दुकान, घर, रेशनकार्ड तिकडचं आहे, म्हणजे संबंध सिद्ध करायला वेगळं काही लागणार नाही.

सारांश येईल तो तमिळमध्ये. मुलाला २२ वर्षांत बोलता येत असेल, पण असले सरकारी कागद वाचणं सहसा जमत नाही, मराठीतलेही जमत नाहीत. ते नातवाकडे द्या. आणि वाचताना माशांची यादी तेवढी नीट बघायला सांगा.