हादोकेनची कल्पना आली कुठून, आणि हादोकेन मारताना मध्येच शोर्युकेन का निघतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या ऱ्यूचं हादोकेन, म्हणजे हातांतून ऊर्जेचा गोळा सोडायची चाल, ड्रॅगन बॉलमधल्या कामेहामेहावरून उचललंय का, ही एक. आणि हादोकेन मारायला गेलं की कधी नुसता बसका ठोसा तर कधी थेट शोर्युकेन, म्हणजे वर उसळत मारलेला ठोसा, का निघतं, ही दुसरी.

कामेहामेहा आठवणं साहजिक आहे. दोन्ही तळवे कमरेशी आणून ऊर्जेचा लोळ पुढे सोडायचा, ढब तीच. शिवाय ड्रॅगन बॉलची मांगा (जपानी चित्रकथा) सुरू झाली 1984 मध्ये आणि कॅपकॉम या जपानी कंपनीचा पहिला स्ट्रीट फायटर आला 1987 मध्ये, म्हणजे काळही जुळतो. पण त्या पहिल्या खेळाचे दिग्दर्शक ताकाशी निशियामा यांनी मुलाखतीत सांगितलेलं मूळ वेगळं आहे. ते म्हणजे 1974 ची 'स्पेस बॅटलशिप यामातो' ही अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. त्यातल्या यामातो या अंतराळजहाजाच्या नाकावर एक अवाढव्य तोफ आहे, तिचं नाव हादोहो. 'हादो' म्हणजे तरंगांची हालचाल, 'हो' म्हणजे तोफ. तोफेच्या जागी 'केन', म्हणजे मूठ, ठेवली की झालं हादोकेन. नावातच पुरावा आहे, त्यामुळे मला तरी इथे वादाला जागा दिसत नाही. ती तोफ डागायची तर जहाजाची सगळी ऊर्जा तिच्यात वळवावी लागते आणि तेवढा वेळ जहाज उघडं पडतं. हे लक्षात ठेवा, खेळताना कामाला येईल.

1987 च्या खेळात ही चाल जवळजवळ गुपितच होती. तिचा एक फटका समोरच्याच्या जीवनपट्टीचा मोठा लचका तोडायचा आणि म्हणूनच ती काढणं मुद्दाम अवघड ठेवलं होतं. त्या खेळाच्या एका मशीनवर बटणांऐवजी दोन मोठ्या गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. किती जोरात मारता त्यावर फटका हलका की जड ते ठरायचं. लोक सगळा जीव लावून मारायचे, हात दुखायचे, गाद्या खराब व्हायच्या. मग सहा बटणांची मशीन आली आणि आजची हलका-मध्यम-जड ही रचना तिथूनच रुजली. जपानबाहेरच्या आवृत्तीत ऱ्यू ही चाल मारताना 'सायको फायर' असं ओरडायचा. हादोकेन हे नाव जगभर पोचलं ते 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 मुळे.

आता तुमच्या हाताकडे. ऱ्यू उजवीकडे तोंड करून उभा आहे असं धरा. चाल अशी: खाली, खाली-पुढे तिरपं, पुढे, आणि ठोसा. डावीकडे तोंड असेल तर तेच उलट. खेळ सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, या वेगाने चालतो आणि प्रत्येक फ्रेमला तुमची दिशा टिपून ठेवतो. ठोशाचं बटण दाबलं की तो मागे वळून पाहतो: गेल्या काही फ्रेममध्ये या दिशा याच क्रमाने आल्या का? आल्या तर हादोकेन, नाहीतर साधा ठोसा. म्हणजे खेळ तुमच्या हाताचा डौल बघत नाही, फक्त नोंद बघतो.

बसका ठोसा निघतो कारण बटण लवकर दाबलं जातं. काठी (जॉयस्टिक) अजून तिरप्यात असते, 'पुढे' नोंदलंच गेलेलं नसतं. बटण 'पुढे'बरोबर किंवा त्यानंतर एका क्षणाने दाबा. उभा ठोसा निघत असेल तर बहुतेक वेळा तिरपी दिशाच गाळली गेलेली असते. कीबोर्डवर किंवा नुसत्या बटणांच्या कंट्रोलरवर हे फार होतं, कारण बोट 'खाली' सोडतं आणि मग 'पुढे' दाबतं. 'खाली' धरून ठेवा, त्यावर 'पुढे' दाबा, दोन्ही दाबलेली असताना तिरपं नोंदलं जातं, मग फक्त 'खाली' सोडा. डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या दिशांच्या अधिक-आकाराच्या बटणावर) अंगठा उचलू नका, घरंगळू द्या. हादोकेनऐवजी ऱ्यू उडी मारत असेल तर काठी 'पुढे'वर थांबत नाहीये, वर-पुढे सरकतेय. मूठ सैल करा, जोर लावायची गरज नसते.

शोर्युकेनचं कारण वेगळं आहे आणि त्यात तुमचा हात चुकत नाही. शोर्युकेनची चाल आहे पुढे, खाली, खाली-पुढे तिरपं, ठोसा. तुम्ही पुढे चालत असता आणि तिथूनच हादोकेन फिरवता, तेव्हा नोंद होते: पुढे, खाली, तिरपं, पुढे. यातल्या पहिल्या तीन दिशा म्हणजे अख्खं शोर्युकेन. नोंदीत दोन्ही चाली बसत असतील तर मालिकेतल्या बऱ्याच आवृत्त्या शोर्युकेनला मान देतात, कारण ते संकटात, घाईत काढायचं असतं. उपाय: चालणं थांबवा, काठी क्षणभर मध्यावर येऊ द्या, मग 'खाली'पासून सुरुवात करा. ते जुनं 'पुढे' मुदतीबाहेर गेलं की हादोकेनच निघतं. घाई केलीत तर मध्यावर येऊनही उपयोग नाही, कारण जुनी नोंद अजून जिवंत असते.

अंदाजाने सराव करू नका. स्ट्रीट फायटर 6 च्या ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटची पट्टी सुरू करा. तिथे प्रत्येक दिशा आणि ती किती फ्रेम धरली हे दिसतं. चाल फसली की थांबा, पट्टी वाचा, वरच्यापैकी काय झालं ते कळेल. दोन्ही बाजूंनी सराव करा. एका बाजूला पक्की बसलेली चाल दुसऱ्या बाजूला हमखास फसते.

चाल निघायला लागली की बसून मारलेल्या मध्यम लाथेला ती जोडायला शिका. लाथ मारताना 'खाली' आधीच धरलेलं असतं, म्हणून पुन्हा खाली जायचं नाही. लाथ लागताच तिरपं, पुढे, ठोसा. लाथेची उरलेली हालचाल तुटते आणि हादोकेन सुटतं.

आणि ती तोफ आठवा. हादोकेन सुटताना आणि नंतरही ऱ्यू काही काळ जागेवर खिळलेला असतो. समोरचा एका उडीत तुमच्या डोक्यावर येईल इतक्या अंतरावरून ते मारलंत तर मार तुम्हीच खाणार. त्या अंतराच्या जरा बाहेर राहा. तिथून हलक्या ठोशाचं हादोकेन हळू जातं, जड ठोशाचं वेगाने. हे आलटून पालटून मारा, म्हणजे समोरच्याचा उडीचा अंदाज चुकतो. तो लवकर उडाला तर तुम्ही मोकळे झालेले असता आणि तिथे शोर्युकेन हवंच असतं. हळू हादोकेनचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: ते सोडून त्याच्या मागोमाग चालत जाता येतं, आणि समोरचा ते अडवत असतो तोवर तुम्ही लाथेच्या टप्प्यात पोचलेले असता.